मंडळीत प्रौढांसाठी मराठीतून बायबल आणि ईश्वरविज्ञानाचा वर्ग: २८ शनिवारांची आखणी कशी करावी?

शनिवारचा_वर्ग:

जय ख्रिस्त, मंडळी.

पुण्याच्या उपनगरातल्या एका सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मराठी मंडळीत प्रौढांसाठी वर्षभराचा अभ्यासवर्ग सुरू होणार आहे. पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीची, मान्यता मिळाली आहे, पाळकसाहेब पाठीशी आहेत, आखणीचं काम माझ्याकडे आहे. वस्तुस्थिती अशी:

नावं १६ आली आहेत, वयं २८ ते ७१. चौघांचं शिक्षण दहावीच्या आतलं, पाच जण पदवीधर. दोन भगिनी माहेरच्या कॅथलिक आहेत आणि एकांचे कॅथलिक व्याहीही येऊ इच्छितात. हॉल शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ मोकळा असतो. ४ जुलै २०२६ ला सुरुवात आणि झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आत शेवट, असं मनात आहे. खर्चाला १५,००० रुपये मंजूर आहेत.

प्रश्न चार. एक, दर शनिवारी पाळकांचं किंवा पाहुण्यांचं व्याख्यान ठेवावं की दुसरी काही पद्धत? दोन, अभ्यासक्रमात काय घ्यावं आणि मराठी बायबलची कोणती आवृत्ती वापरावी? तीन, नुसती माहिती नको, प्रार्थनेचं जीवनही वाढावं, तर ते वर्गात कसं गुंफायचं? चार, काही जण प्रमाणपत्राबद्दल विचारतात. बाहेरच्या एखाद्या डिप्लोमाला जोडून घेणं योग्य ठरेल का?

विस्तार_गटप्रमुख:

जय ख्रिस्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. व्याख्यानमाला ठेवू नका. प्रौढांना रविवारी प्रवचन मिळतंच; शनिवारी दुसरं प्रवचन दिलंत तर तीन महिन्यांत १६ चे ७ होतात, आणि त्या सातांनाही मागच्या आठवड्याचा विषय सांगता येत नाही.

विस्तारानं ईश्वरविज्ञान शिकवण्याची पद्धत, जिला सगळे टी.ई.ई. (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन) म्हणतात, ती १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीत सुरू झाली. मंडळ्या प्रत्यक्षात चालवणारी माणसं शेती आणि संसार सोडून राजधानीत येऊन राहू शकत नव्हती. जे येऊन शिकले, त्यांतले फार थोडे गावातल्या मंडळ्यांच्या सेवेत उरले. म्हणून शिक्षणच माणसांपर्यंत न्यायचं ठरलं. भारतात याच पद्धतीवर काम करणारी टॅफ्टी ही संस्था बेंगळुरूला १९७१ पासून आहे.

ही पद्धत समजवायला शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी लाकडी कुंपणाचं उदाहरण दिलं होतं. दोन आडवे दांडे असतात: वरचा म्हणजे घरचा अभ्यास, खालचा म्हणजे रोजची सेवा आणि जगणं. ते दोन्ही ठरावीक अंतरावर धरून ठेवणारे खांब म्हणजे आठवड्याची बैठक. खांब कितीही मजबूत पुरलात आणि दांडेच नसले, तर कुंपण होत नाही. तुमचा शनिवार हा खांब आहे. खरा अभ्यास सोमवार ते शुक्रवार घरी व्हायला हवा, रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान चार दिवस.

१६ जणांचा एक गट करू नका, आठ-आठचे दोन करा. सहाच्या खाली चर्चा चालत नाही, बाराच्या वर गेलं की चारच जण बोलतात. प्रत्येक गटाला एक गटप्रमुख. तो शिक्षक नसतो. त्याचं काम वेळ सांभाळणं, प्रश्न विचारणं आणि गप्प बसलेल्याला जागा करून देणं.

दोन तासांची विभागणी साधारण अशी ठेवा. ६ ते ६.१० 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत आणि छोटी प्रार्थना. मग १५ मिनिटं जोडीजोडीनं वह्या पाहायच्या. इथे बरोबर-चूक ठरवायचं नाही, फक्त एकमेकांना उत्तर वाचून दाखवायचं. ६.२५ ते ७.१५ गटात चर्चा. दहा मिनिटं चहा. पुढची वीस मिनिटं मागच्या आठवड्याच्या कामाचा आढावा: कुणी आजाऱ्याला भेटलं, कुणी घरात उपासना घेतली, कुणी शेजाऱ्याशी बिघडलेलं नातं सांधण्याचा प्रयत्न केला, ते कसं झालं. शेवटची १५ मिनिटं शांतता आणि प्रार्थना. चहा मधेच ठेवा. शेवटी ठेवला की ७.४० पासून स्वयंपाकघरात कपांचा आवाज सुरू होतो आणि प्रार्थना बुडते.

बिघडतं कुठे, तर प्रश्नांच्या शब्दरचनेत. "येशूने क्षमा केली का?" याला "हो" म्हणून विषय संपतो. प्रत्येक उताऱ्यावर तीनच प्रकारचे प्रश्न काढा: उताऱ्यात नेमकं काय लिहिलं आहे, ते ऐकणाऱ्या पहिल्या माणसांना त्याचा काय अर्थ लागला असेल, आणि आज आपल्याला त्यातून काय करायचं आहे. हा क्रम मोडू नका. तिसऱ्या प्रश्नावर उडी मारणं ही प्रौढ गटांची नेहमीची खोड, आणि तिथूनच उताऱ्याशी संबंध नसलेली मतं सुरू होतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक गटप्रमुख तीन मोजण्याआधी स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

दुसरी अडचण पाळकसाहेबांची, आणि ती त्यांच्या चांगुलपणातूनच येते. ते गटात बसले की प्रत्येक मान त्यांच्याकडे वळते. त्यांना दर चौथ्या शनिवारी बोलवा. तोवर साठलेले प्रश्न कागदावर लिहून दोन दिवस आधी त्यांच्या हाती द्या. त्या दिवशी ते मन मोकळं करून शिकवतील आणि लोकही भुकेने ऐकतील.

गैरहजेरीचं सांगून थांबतो. सलग दोन शनिवार चुकलेला माणूस सहसा परत येत नाही. मागे पडल्याची लाज वाटते. प्रत्येकाला एक जोडीदार द्या आणि बुधवारपर्यंत एक फोन करायचा नियम ठेवा.

करारवाचक:

अभ्यासक्रमावर लिहितो. आधी तारखा मांडू, कारण त्या विषयांवरही बंधन घालतात.

४ जुलै ते २८ नोव्हेंबर २०२६ या काळात २२ शनिवार येतात. त्यातून १५ ऑगस्ट, गणेशोत्सवातला १९ सप्टेंबर आणि दिवाळीचे ७ व १४ नोव्हेंबर वगळा. १८ उरले. २९ नोव्हेंबरला नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू होतो; डिसेंबरात कॅरल आणि नाताळच्या तयारीपुढे कुठलाच वर्ग टिकत नाही, तो महिना सोडाच. पुढे ९ जानेवारी ते १३ मार्च २०२७ हे १० शनिवार. ईस्टर त्या वर्षी २८ मार्चला, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची सुरुवात, म्हणजे राख बुधवार, १० फेब्रुवारीला. २० मार्च झावळ्यांच्या रविवारची पूर्वसंध्या आहे, हॉल आणि माणसं दोन्ही तयारीत अडकलेली असतील, म्हणून आठवडाभर आधी संपवा. एकूण २८.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. ओळीनं वाचायला घेतलेला गट निर्गमाच्या उत्तरार्धातल्या निवासमंडपाच्या मोजमापांशी अडतो आणि लेवीयात थांबतो. मार्कपासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत आणि येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं ते सगळ्यात लहान आहे. पहिल्या शनिवारी परिचय, ओळख, उद्दिष्टं काही नको. आळीपाळीनं मोठ्यानं अख्खं मार्क वाचून काढा. पावणेदोन तासांच्या आसपास लागतो. वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली गोष्ट एका बैठकीत ऐकली की तिचा वेग कळतो. येशूच्या शेवटच्या आठवड्याला किती अध्याय दिले आहेत हेही तेव्हाच लक्षात येतं: ११ ते १६, म्हणजे पुस्तकाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. पुढचे सात शनिवार त्याच सोळा अध्यायांचा सावकाश अभ्यास.

मग सात शनिवार जुना करार. इतक्या वेळात तो "पूर्ण" करण्याचा हट्ट सोडा. भिंतीवर एका लांब कागदावर चारच सनावळ्या लिहा: इ.स.पू. ७२२ उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडलं, ५८७ यरुशलेम पडलं, ५३८ पारसच्या कोरेश राजाने बंदिवासातल्यांना परतीची परवानगी दिली, आणि इ.स. ७० मध्ये दुसरं मंदिर उद्ध्वस्त झालं. वाचलेला प्रत्येक उतारा या चारांच्या आधी की नंतर, एवढंच दर वेळी विचारा. यिर्मया, विलापगीत, यशयाचा चाळिसावा अध्याय, स्तोत्र १३७ हे सगळं ५८७ भोवती फिरतं हे एकदा दिसलं की लोक आपणहून वाचायला लागतात. काही ठिकाणी तुम्हाला ५८७ ऐवजी ५८६ दिसेल. तो वर्ष मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे, त्यावर वर्गाचा वेळ घालवू नका.

त्यानंतर तीन शनिवार करिंथकरांस पहिलं पत्र. रोमकरांस पत्राचा मोह होईल, पण पहिल्या वर्षी ते जड जातं. करिंथात गटबाजी आहे, कोर्टकचेरी आहे, विवाहाचे प्रश्न आहेत, प्रभुभोजनाच्या मेजावर श्रीमंत आधी जेवतात आणि गरीब उपाशी राहतात. मराठी मंडळीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जानेवारीत चार शनिवार विश्वासांगीकारावर, म्हणजे आपल्या विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीवर. आपण तो दर रविवारी म्हणतो, म्हणून घरचा अभ्यास फार थोडा लागतो. पण ओळ न् ओळ कुठल्या वादातून आली हे माहीत नसतं. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत वाद होता तो पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याविषयीचा भाग भरला गेला. ४५१ मध्ये खाल्सेदोनला ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांचा प्रश्न आला. प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच: हे वाक्य नसतं तर आपल्या प्रार्थनेत काय बदललं असतं? पुत्र निर्माण केलेला आहे हे एरियसचं म्हणणं मान्य केलं तर ख्रिस्ताला उद्देशून प्रार्थना करणं म्हणजे निर्माण केलेल्याची भक्ती ठरते. इतकं स्पष्ट केलं की "हे जुने वाद कशाला" असं कुणी म्हणत नाही.

दोन शनिवार आपल्या मातीतल्या ख्रिस्ती परंपरेसाठी ठेवाच. थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र झालं, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये निघालं. पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांच्यावर तर एकेक शनिवार कमीच पडेल. उरलेले तीन प्रार्थनेवर आणि शेवटचा समारोपाचा.

आवृत्तीबद्दल. मंडळीत वाचली जाणारी बायबल सोसायटीची आवृत्ती प्रत्येकाच्या हातात असू द्या, कारण पाठ असलेली वचनं तीतलीच असतात. मेजावर आणखी दोन ठेवा: फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं. चर्चा अडली की तिन्हींतून तीच ओळ वाचा. उदाहरणार्थ योहान ३:३, नव्याने जन्मण्याविषयीचं येशूचं वचन. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ "पुन्हा" असाही होतो आणि "वरून" असाही. येशूशी बोलणारा निकदेम पहिला अर्थ धरून आईच्या उदराची शंका काढतो, येशू दुसऱ्या अर्थाकडे नेतो. मराठीत एकच शब्द निवडावा लागतो, म्हणून संवादातली ही गंमत हरवते आणि वर "पुनर्जन्म" शब्दाशी घोटाळा होतो.

असे चार-पाच शब्द आधीच काढून ठेवा. "प्रायश्चित्त" म्हटलं की आपल्याकडे माणसानं स्वतः भोगायची शिक्षा डोळ्यांपुढे येते; नव्या करारात पुढाकार देवाचा आहे. "अवतार" पुन्हा पुन्हा होतो, म्हणून आपण "देहधारण" म्हणतो. "तारण" आणि "मोक्ष" यांतला फरक विचारला जाणारच: मोक्ष म्हणजे फेऱ्यातून सुटका, तारणात देहाचं पुनरुत्थान आणि नवी पृथ्वी आहे. हे सांगताना शेजाऱ्यांच्या श्रद्धेला कमी लेखणारा सूर येऊ देऊ नका. दोन शब्दांची घरं वेगळी आहेत, एवढंच दाखवा.

आणखी एक सावधगिरी. मार्क १६:९-२० या ओळी सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे सातव्या-आठव्या शनिवारी कुणीतरी तळटीपेत वाचणारच. तो दिवस टाळू नका. गटप्रमुखाला आधीच सांगून ठेवा, आणि १६:८ वर, भ्यालेल्या स्त्रिया गप्प राहिल्या तिथे गोष्ट थांबली तर ऐकणाऱ्यावर काय जबाबदारी येते, हा प्रश्न ठेवा. लपवाछपवी झाली तर विश्वास जास्त डळमळतो.

वसईकर_कॅटेकिस्ट:

करारवाचक यांची मांडणी आवडली, पण प्रार्थना शेवटच्या तीन शनिवारांवर ढकलायला माझा ठाम विरोध आहे. चोवीस आठवडे नुसतं डोकं चालवलेल्या गटाला पंचविसाव्या आठवड्यात शांत बसता येत नाही. विस्तार_गटप्रमुख यांनी शेवटची पंधरा मिनिटं काढून ठेवली आहेतच. ती पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीनं वापरा. फेब्रुवारी-मार्चच्या तीन शनिवारी फक्त जे करत आलो त्याला नाव द्या आणि खोलात जा.

पद्धत लेक्सिओ दिविनाची, म्हणजे प्रार्थनापूर्वक शास्त्रवाचनाची, घ्या. बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी दुसरा गुइगो याने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. पंधरा मिनिटांत ती अशी बसते. उतारा सहा ते दहा ओळींचा, त्याच दिवशी अभ्यासलेल्या भागातला. एकानं सावकाश वाचायचा, दोन मिनिटं शांतता; प्रत्येकानं मनाला भिडलेला एक शब्द धरायचा. दुसऱ्यांदा दुसऱ्या आवाजात वाचन, तीन मिनिटं शांतता; हा शब्द माझ्या आजच्या कुठल्या गोष्टीला स्पर्श करतो? मग ज्याला वाटेल त्यानं तो शब्द फक्त उच्चारायचा, स्पष्टीकरण नाही. तिसरं वाचन, प्रत्येकाची मनातली प्रार्थना, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं काहीच नाही, नुसतं देवासमोर असणं.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शांतता लोकांना टोचते, कुणीतरी गीत सुरू करतं किंवा मोठ्यानं प्रार्थना करायला लागतं. आधीच वेळ जाहीर करा, "आता दोन मिनिटं", म्हणजे माणूस निर्धास्त होतो. आणि घड्याळ एकाच माणसाकडे. दुसरी: शब्द उच्चारताना एखाद्याचं दुःख बाहेर पडतं आणि सगळे सल्ला द्यायला धावतात. नियम ठेवा की इथे कुणी कुणाला उत्तर देणार नाही. ज्याला गरज आहे त्याच्याजवळ गटप्रमुखानं नंतर बसावं.

घरी करण्यासाठी संत इग्नेशियस यांचं रात्रीचं आत्मपरीक्षण द्या, दहा मिनिटांचं. पाच पायऱ्या: आजच्या दिवसाबद्दल आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, सकाळपासूनचा दिवस डोळ्यांखालून घालणं, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एक नेमका निर्धार. पहिली पायरी गाळली की हे नुसतं स्वतःला दोष देणं होतं. मन हळवं असलेल्या माणसांचं फार नुकसान होतं. म्हणून आभार आधी, आणि तेही नावानिशी.

पुढे कुणी इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना पूर्ण करायची म्हणालं, तर त्या साधनेच्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या टिपेनुसार ती घर आणि नोकरी सांभाळून करता येते: तीस दिवसांच्या एकांतवासाऐवजी साधारण तीस आठवडे, रोज पाऊण ते एक तास. पण ती प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय करू नये आणि गटात तर नाहीच. शनिवारच्या वर्गात ती घालू नका.

आता तुमच्या कॅथलिक पाहुण्यांविषयी. तीन-चार लहान गोष्टी आधी माहीत असल्या तर अवघडलेपण टळतं. आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, तुमच्यात ६६. जास्तीची सात जुन्या करारात. स्तोत्रांचे क्रमांक जुन्या कॅथलिक पुस्तकांत एकानं मागे असतात, बहुतेक ठिकाणी दहाव्या स्तोत्रापासून १४७ पर्यंत, म्हणजे तुमचं तेविसावं तिथे बाविसावं सापडेल. दहा आज्ञांचे क्रमांकही वेगळे. "सहावी आज्ञा" म्हटलं की तुमच्याकडे खून, आमच्याकडे व्यभिचार. त्यामुळे क्रमांक न सांगता आज्ञा वाचून दाखवा.

आणि प्रभूची प्रार्थना. "आम्हांला वाइटापासून सोडव" इथे कॅथलिक थांबतात. "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव" ही ओळ मिस्सामध्ये (कॅथलिक प्रभुभोजनाच्या उपासनेत) आहे, पण मध्ये याजकाची प्रार्थना येऊन मग. तुमचे लोक पुढे म्हणत राहतात, पाहुणे गप्प होतात आणि सगळ्यांना आपण चुकलो असं वाटतं. पहिल्याच शनिवारी एका वाक्यात सांगून टाका. वर्गाचा शेवट प्रभुभोजनानं मात्र करू नका. तिथे पाहुण्यांना बाजूला बसावं लागेल आणि वर्षभराची जवळीक त्या एका संध्याकाळी दुखावेल.

भाषेबद्दल एक विनंती. वसईत सामवेदी, वाडवळी बोलणारी माणसं पुस्तकी मराठीत प्रार्थना करताना अडखळतात, घरच्या बोलीत करताना मोकळी होतात. तुमच्याकडे नगरी, मराठवाडी, जी कुणाची असेल ती बोली त्या पंधरा मिनिटांत चालू द्या.

हिशेबवही:

चौथा प्रश्न आणि पैसे.

प्रमाणपत्राचे तीन अर्थ होतात, ते आधी सभासदांकडून स्पष्ट करून घ्या. मंडळीचं हजेरीचं प्रमाणपत्र हवं असेल तर पाळकांची सही पुरेशी. २८ पैकी २२ शनिवार हजर आणि वही पूर्ण, अशी अट पुरे; परीक्षा ठेवू नका, दहावीच्या आतले चौघे पहिल्याच महिन्यात गळतील.

दुसरा अर्थ, ईश्वरविज्ञानाची पदविका किंवा पदवी. सेरामपूर सेनेट या ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाचे सामान्य विश्वासी लोकांसाठी बाहेरून करायचे अभ्यासक्रम आहेत. हे बंगालमधलं सेरामपूर, कॅरी-मार्शमन-वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज. आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी गल्लत नको, फोनवर ती हमखास होते. पदवी देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश राजसनदेनं मिळाला आणि १९१८ च्या कायद्यानं पक्का झाला. कॅथलिकांसाठी पुण्यातलंच ज्ञानदीप विद्यापीठ आहे, त्याच्या पदव्या रोमच्या अधिकाराखाली येतात. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता सेमिनऱ्यांच्या वर्तुळात चालते. ती सरकारी मान्यता नव्हे.

तिसरा अर्थ, नोकरीत किंवा बढतीत उपयोगी पडणारी पदवी. अशी अपेक्षा असेल तर प्रवेश घेण्याआधी त्या नोकरीच्या ठिकाणाहून समकक्षतेचं लेखी उत्तर आणावं. तोंडी "चालेल" वर फी भरू नये.

माझं मत: पूर्ण गट कुठल्याही डिप्लोमाला जोडू नका. बाहेरच्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक, परीक्षेचं माध्यम आणि पुस्तकं तुमच्या वर्गावर स्वार होतात. वर्ष संपल्यावर ज्या दोघा-तिघांना पुढे जायचं आहे, त्यांनी स्वतंत्रपणे जावं. अर्ज करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: उत्तरं मराठीत लिहिता येतात का, परीक्षा केंद्र कुठे आहे, आणि अभ्यासक्रम जास्तीत जास्त किती वर्षांत पुरा करावा लागतो.

हिशेब. दर शनिवारी माणशी एक कागद, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स: २८ गुणिले १६ म्हणजे ४४८ कागद, ८९६ बाजू. दोन रुपयांनी १,७९२. वह्या १६, चाळीस रुपयांनी ६४०. चहा-बिस्किटं अठरा जणांना दहा रुपयांनी, २८ वेळा: ५,०४०. झाले ७,४७२. उरलेल्या साडेसात हजारांतून मेजावरची बायबलं, एक शब्दकोश, एक मोठा नकाशा, आणि दोन्ही गटप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी जाण्यायेण्याचा खर्च. या शेवटच्या बाबीत कपात करू नका. फी शंभर रुपये का होईना, घ्या. फुकटच्या वर्गाला माणूस सहज दांडी मारतो. ज्याला शक्य नाही त्याचं पाळकांनी गुपचूप भरावं.

शनिवारचा_वर्ग:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रार्थनेची पंधरा मिनिटं पहिल्या दिवसापासून ठेवतो, डिप्लोम्याचा विचार सोडतो. एकच अडचण राहिली. दहावीच्या आतल्या चौघांत दोन आजींना वाचायला जवळजवळ येत नाही. एकीला तर मोतीबिंदूही आहे. पण दोघींना स्तोत्रं आणि गीतं तोंडपाठ आहेत. घरच्या अभ्यासाचं त्यांनी काय करायचं?

विस्तार_गटप्रमुख:

त्यांना वेगळं बसवू नका, दोन्ही गटांत एकेक घ्या. आठवड्याचे अध्याय कुणीतरी स्वच्छ आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवावेत, एका फाइलमध्ये एकच प्रसंग, पाच मिनिटांच्या आत. लांब फाइल मागे नेऊन ऐकता येत नाही. वहीऐवजी नातवंडाला किंवा जोडीदाराला गोष्ट सांगायची आणि त्यानं दोन ओळी टिपून घ्यायच्या.

चर्चेची सुरुवात त्यांच्यापासून करा. आजींनी प्रसंग आठवेल तसा सांगायचा, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं आणि काय जास्तीचं आलं ते शोधायचं. जास्तीचं आलेलं बहुतेक वेळा दुसऱ्या शुभवर्तमानातलं असतं. मार्कमध्ये तीन मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) नाहीत, गोठा नाही, जन्माची गोष्टच नाही, हे असंच पकडलं जातं. पदवीधरांनाही ते वाचून कळलेलं नसतं.

करारवाचक:

याला जोडून: १३ मार्चच्या समारोपाला भाषणं न ठेवता कीर्तन ठेवा. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन उपासनेत रुजवलं ते अशाच कामासाठी. पूर्वरंगात एक वचन आणि त्याचं विवरण, ते वह्यावाल्यांनी तयार करावं. उत्तररंगात त्या वचनाला साजेसं आख्यान, ते आजींनी सांगावं. वचन जानेवारीतच ठरवा, पेटी-तबला वाजवणारे आताच विचारून ठेवा. मार्चमध्ये ते सगळे ईस्टरच्या सरावात असतात.

वसईकर_कॅटेकिस्ट:

मोतीबिंदूवाल्या आजींसाठी उताऱ्याच्या ओळी २४ पॉइंटच्या ठळक अक्षरात छापून पाहा, पिवळसर कागदावर. मोतीबिंदूत पांढऱ्या चकचकीत कागदावर दिवा चमकतो, म्हणून त्यांची खुर्ची ट्यूबलाइटकडे पाठ करून ठेवा.